सव्वा किलो

पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली सतरंजी टाकून
सगळं सामान मांडलंय.
तिसऱ्या मजल्यावरून कुलथे काका वाकून विचारतात,
"सेल लावलाय का?"
या ना, म्हटलं, निम्म्या किमतीत :
एक क्लच वायर, चेनचं तेल, लोकरीचे तीन जोड मोजे
आणि अख्ख्या सिडकोत कुणाच्या उपयोगाची नाही अशी
उणे पाचात झोपायची पिशवी.
काका हसतात. बनियनने मान पुसतात.
आज नाशिकला एकेचाळीस होतं.

यादी दोन वर्षांपूर्वीची.
वर्कशॉपच्या जर्नलचं मागचं पान, मधोमध रेघ,
एका बाजूला विभा, दुसऱ्या बाजूला नसरीन.
ट्यूब माझ्याकडे, पंप तिच्याकडे.
स्टोव्ह माझा, गॅसचं डबडं तिचं.
पान्यांचा संचसुद्धा फोडून वाटलेला,
सम आकडे मला
विषम तिला.
काय पण खात्री होती,
दोन हजार किलोमीटरांत
एकदाही चुकामूक होणार नाही म्हणून.

साडेनऊला रिक्षा थांबली.
आधी काठी उतरली, मग ती, मग कापडी पिशवी.
भद्रकालीपासून इथवर सव्वाशे घेतले मेल्याने, म्हणाली,
आणि उलट्या बादलीवर बसून पिशवी रिकामी केली :
पंप. डबडं.
जुन्या ओढणीत गुंडाळलेले अकरा, तेरा, सतरा, एकोणीस.
हाताला तेल लागलं.
ताजं होतं.

मी काही बोलले नाही.
तीच बोलली, गुडघ्यावर टिचकी मारून,
"आत पट्टी आहे आणि सहा स्क्रू.
सम आकडा. म्हणजे खरं तर तुझ्या वाटणीचे."

मग तिने माझं सगळं पॅकिंग उचकटलं.
जड ते तळाला, जड ते पुढे.
ही दुसरी जीन्स कुणासाठी? काझात लग्न आहे?
औषधं वर, हाताशी. लायसन अंगावर,
आणि थोडे पैसे अशा जागी
की तुझं तुलाच आठवायला वेळ लागेल.
पिशव्या तिच्या अब्बांनी शिवलेल्या,
ट्रकच्या सीटचं मरून रेक्झिन, दुहेरी टाका.
झाकणाच्या आत बॉलपेनने बाण काढलाय
आणि लिहिलंय, 'ही बाजू पुढं'.
दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात.

रद्दीवाल्याकडून मागून आणलेल्या ताणकाट्याला
एकेक पिशवी लटकावली.
उजवी सात. डावी सव्वाआठ.
डावीत तिचंच सगळं होतं, पंप, डबडं, पाने,
ते हलव म्हणायला माझी जीभ रेटेना.
तिने काट्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं
आणि पर्समधून बेदाण्यांची किलोची पुडी काढून
उजवीकडे कोंबली.
भाच्याची शेड आहे पिंपळगावला, म्हणाली,
फुकटचे आहेत, तोंड वाकडं करू नकोस.
तरी पावशेर राहिलाच.
"राहू दे. गाडीला कळत नाही."

कळतं.
पहाटे सव्वाचारला द्वारकेचा सिग्नल
कुणासाठीच नसल्यासारखा पिवळा लुकलुकत होता.
आडगाव मागे पडलं, ओझर पडलं.
मोकळ्या रस्त्यावर मूठ जरा सैल केली
तर गाडी हळूच डावीकडे सरकली,
जिकडे ती चालायची,
माझ्या अर्धी गाडी मागे,
हॉर्न न देता.

चांदवडला चहा घेतला.
उन्हं अजून कोवळी होती, समोर डोंगराची दातेरी कड.
कपाच्या जोडीला उजवीकडची पुडी सोडली
आणि मूठभर बेदाणे उभ्याउभ्याच खाल्ले.
मग लक्षात आलं,
हा फरक आता वाढतच जाणार.
आणखी एक मूठ घेतली.